फूड प्रोसेसर घ्यायचाय? बटाटा घेऊन दुकानात जा

आमच्याकडे सकाळचे डबे मी करतो. बायकोची हॉस्पिटलची शिफ्ट, ती पावणेसातला घराबाहेर, मागे मी, आई आणि दोन पोरं, म्हणजे रोजच्या वीसेक पोळ्या, एक भाजी, एखादी कोशिंबीर आणि जमलंच तर संध्याकाळचं वाटण पण सकाळीच उरकायचं. या धावपळीत आत्तापर्यंत दोन फूड प्रोसेसर घेऊन झालेत. पहिला माळ्यावर गेला तो गेलाच, दुसरा चार वर्षं झाली ओट्यावरच आहे. आता ओळखीतलं कोणी घ्यायला निघालं की फोन मला येतो, "कुठला घेऊ रे?" आणि मी नाव सांगत नाही म्हणून लोक वैतागतात, पण खरंच नावाने काही ठरत नाही हो, तुमच्या घरात काय शिजतं ते माहीत नसताना मॉडेल सांगणं म्हणजे पाय न बघता चप्पल विकण्यासारखं आहे.

तर पहिलं काम. फ्रिजला एक कागद चिकटवा आणि आठवडाभर त्यावर लिहा की आज काय चिरलं, काय किसलं, काय मळलं, काय वाटलं, आणि किती. "किती" सगळ्यात महत्त्वाचं. आमचा कागद असा निघाला होता: कणीक सहा दिवस, अर्धा किलोच्या वर. कांदा सातही दिवस, पण दोन-तीनच. कोबी, गाजर, बीट, काकडी मिळून चार वेळा. शेंगदाण्याचा कूट एकदा, पण डबाभर. खोबरं-लसणाचं वाटण चार वेळा. सायीचं लोणी एकदा. यातून लगेच कळलं की आम्हाला मशीन पाहिजे ते कणकेसाठी आणि किसण्यासाठी, कांद्यासाठी नाही. दोन कांदे सुरीने चिरायला दोन मिनिटं लागतात आणि प्रोसेसरचं भांडं, झाकण, पातं, दांडा धुवायला पाच, मग त्या दोन कांद्यांसाठी ते धूड कोण काढणार? (आणि आम्ही नाशिकचे, लासलगाव एवढ्याशा अंतरावर, कांद्याला रडायची सवय आहे.) साधारण अर्ध्या किलोच्या खाली काहीही असेल तर सुरी, विळी, किसणीच बरी असं माझं मत झालंय. तुमच्या कागदावर सगळं त्याच्या खालीच निघालं तर पुढचं वाचूच नका, दोनतीनशे रुपयांचा दोरी ओढायचा चॉपर आणा आणि सुखी व्हा, मस्करी नाही करत, दोघांच्या संसाराला तो पुरतो.

दुसरी गोष्ट, मिक्सर आणि फूड प्रोसेसर ही एकाच घरातली दोन वेगळी माणसं आहेत आणि दुकानदार ती एकच असल्यासारखी दाखवतात. मिक्सरचं भांडं उभं, अरुंद, पातं तळाला आणि वेग मिनिटाला अठरा-वीस हजार फेऱ्यांच्या घरात, त्यामुळे थोडं पाणी घातलं की सगळं खाली ओढलं जातं आणि गुळगुळीत वाटलं जातं. प्रोसेसरचं भांडं पसरट, वेग त्याच्या कितीतरी कमी, काम तुकडे करणं, चकत्या पाडणं, किसणं, मळणं. दोघांचा जन्मच वेगवेगळ्या गरजेतून झालाय. आपल्याकडचा जुना सुमीत मिक्सर 1960 च्या दशकात सत्यप्रकाश माथुर नावाच्या इंजिनिअरने काढला तो युरोपातले मिक्सर आपल्या कोरड्या मसाल्याला आणि डाळी वाटायला टिकत नव्हते म्हणून. आणि फूड प्रोसेसर आला फ्रान्समधल्या हॉटेलांच्या किचनमधून, तिथे ढिगाने भाजी चिरायला केलेलं मशीन, त्यावरून कार्ल सॉन्टहायमर या अमेरिकन माणसाने घरगुती क्विझिनार्ट काढला आणि 1973 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात मांडला. म्हणजे त्या मशीनच्या बापजन्मात कोणी त्यात ओल्या खोबऱ्याचं वाटण करायचा विचार केला नव्हता, आणि म्हणूनच नुसत्या प्रोसेसरच्या भांड्यात वाटण केलं तर ते कितीही फिरवा, भरडच राहतं. माझी बहीण न्यू जर्सीला असते, तिने तिथला छान महागातला प्रोसेसर घेतला आणि पहिल्या रविवारी फोन, दादा, चटणी होतच नाहीये यात. होणारच नाही बाई.

म्हणून आपल्याकडे बाजारात मुख्यतः दोन तऱ्हा मिळतात. एक, मिक्सर-ग्राइंडर आणि सोबत एक जास्तीचं प्रोसेसरचं भांडं, ते त्याच मोटरवर बसतं. दोन, पूर्ण फूड प्रोसेसर, म्हणजे मोठं युनिट, मोठं भांडं, आणि सोबत वाटणाची दोन-तीन स्टीलची भांडी, ज्यूसर वगैरे. तुमचा मिक्सर आता म्हातारा झाला असेल आणि घर तीन-चार माणसांचं असेल तर पहिली तऱ्हा घ्या, ओट्यावर एकच मशीन राहतं. मिक्सर धडधाकट असेल आणि कागदावर कणीक-किसणं जास्त असेल तर दुसरी. पण दुसरी घेताना एक मोजमाप नक्की करा, ओट्यापासून वरच्या कपाटाच्या तळापर्यंतची उंची. भांडं, झाकण, वरचं भाजी आत घालायचं नळकांडं सगळं लावून मशीन किती उंच होतं ते बघा आणि वरून ढकलणी (नळकांड्यातली भाजी खाली दाबायचा दट्ट्या) काढायला जागा राहते का तेही बघा. माझ्या पहिल्या मशीनची हीच गोष्ट झाली, कपाटाखाली बसेना, म्हणून दर वेळी पुढे ओढा, वापरा, मागे ढकला, मग एक दिवस ट्रॉलीत, मग महिन्याने माळ्यावर. साताठ किलोचं वजन सकाळी सहाला माळ्यावरून कोणी उतरवत नाही.

कणकेबद्दल जरा जास्त बोलतो

कारण निम्मे लोक त्यासाठीच घेतात आणि निम्म्या तक्रारी पण तिथूनच येतात.

एका पोळीला साधारण 25 ते 30 ग्रॅम कणीक लागते. वीस पोळ्या म्हणजे 500 ते 600 ग्रॅम. आता मशीनच्या पुस्तकात बघा, "कणीक जास्तीत जास्त" किती लिहिलंय. बॉक्सवर भांडं अडीच-तीन लिटरचं असेल, पण कणकेची मर्यादा भांड्याच्या आकारावर नसते, मोटरच्या ताकदीवर असते, आणि ती बऱ्याचदा अर्ध्या किलोच्या आसपासच संपते, छोट्या जोडभांड्यात तर त्याहून खाली. म्हणजे तुम्हाला वीस पोळ्या लागत असतील तर मर्यादेच्या काठावर रोज चालवण्यापेक्षा दोनदा मळा, मध्ये पाच-दहा मिनिटं मशीनला बसू द्या. आमच्या शेजारच्या काकूंनी एकदम किलोभर कोंबली होती, मशीन गुरगुरलं आणि बंद पडलं, काकू म्हणाल्या जळलं. जळलं नव्हतं, खाली एक छोटं लाल बटण असतं, जोर जास्त झाला की ते स्वतःच बाहेर येऊन करंट तोडतं, मशीन थंड झालं की दाबायचं. विकत घेताना हे ओव्हरलोडचं बटण आहे ना ते मशीन उलटं करून बघाच.

मळायची रीत अशी. आधी पीठ, मीठ, चमचाभर तेल भांड्यात, झाकण लॉक, एक नंबरवर चालू, आणि मग वरच्या नळकांड्यातून पाणी बारीक धारेने. सगळं पाणी एकदम ओतलंत तर खाली चिखल आणि वर कोरडं पीठ. अर्धा किलो चक्कीच्या पिठाला तीनशे ते साडेतीनशे मिली पाणी लागतं, पण गहू बदलला की हे बदलतं, म्हणून शेवटचा अर्धा पेला हातात राखून ठेवा. पीठ एकत्र येऊन गोळा झाला आणि भांड्याची कडा सोडून फिरायला लागला की फक्त वीस-तीस सेकंद अजून, मग बंद. एकूण दीड-दोन मिनिटांच्या वर नाही. लोक काय करतात, छान फिरतंय म्हणून फिरवत राहतात, कणीक गरम होते, चिवट होते, आणि मग पोळ्या वातड झाल्या की मशीनला शिव्या. काढल्यावर तेलाचा हात लावून वीस मिनिटं झाकून ठेवा. आईचं म्हणणं अजूनही हाताने मळलेल्या कणकेची पोळी जास्त मऊ, मी वाद घालत नाही, फक्त तिला न सांगता एकदा दोन्हीच्या पोळ्या वाढल्या होत्या, तिने मशीनच्या कणकेची दुसरी मागून घेतली. हे तिला अजून माहीत नाही.

भाकरीसाठी मात्र मशीन घेऊ नका. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांच्या पिठात गव्हासारखं ग्लूटेन नसतं, ते पातं फिरवून चिकट होत नाही, त्याला गरम पाणी आणि तळहाताचा जोरच लागतो. पुरणपोळीची सैल कणीक मशीनमध्ये होते, छान होते, पण शेवटी तेल लावून तिंबायची हातानेच.

आणि पुरण. डाळ-गूळ शिजवून प्रोसेसरमध्ये फिरवता येतं, कोमट असताना, पूर्ण गार होऊ दिलंत तर ते घट्ट होऊन मोटरच्या जिवावर येतं आणि उकळतं घातलंत तर प्लास्टिकच्या भांड्याला बारीक बारीक तडे जायला सुरुवात होते. पण खरं सांगू, आमच्याकडे होळीला पुरणयंत्रच निघतं. पुरणयंत्राच्या जाळीतून न शिजलेला एखादा डाळीचा दाणा खाली येत नाही, मशीनमध्ये तो तसाच फिरत राहतो आणि बरोबर पोळी लाटताना टोचून बाहेर येतो.

भांडं, नळकांडं, चकत्या

इथे दुकानात डोळे उघडे ठेवा, कारण बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं "12 ऍटॅचमेंट" आणि त्यातली एक ढकलणी असते, एक पात्याचा दांडा असतो, एक चमचा असतो. हसू नका, खरंच मोजतात. रोजच्या कामाला लागतात त्या पाच गोष्टी: चिरायचं स्टीलचं पातं, मळायचं पातं, जाड किसणी, बारीक किसणी, चकत्यांची पट्टी. फेटायचं पातं असलं तर लोण्याला बरं, आठवड्याची विरजलेली साय त्यात घालून थंड पाण्याचा हबका मारून फिरवली की थोड्या वेळात लोणी वर गोळा होतं, उन्हाळ्यात पाण्यात बर्फ घाला नाहीतर लोणी पात्यालाच चिकटून बसतं. लिंबू-मोसंबी पिळायचा भाग आमच्याकडे पाकिटातून बाहेर आलेला नाही.

नळकांड्याची रुंदी हा माझा सगळ्यात आवडता मुद्दा आहे आणि दुकानदाराला सगळ्यात नावडता. नळकांडं अरुंद असेल तर प्रत्येक बटाटा, प्रत्येक गाजर आधी सुरीने उभं कापून मग आत घालायचं, मग मशीन कशाला घेतलं? म्हणून जाताना पिशवीत एक मध्यम बटाटा, एक गाजर आणि एक काकडी घेऊन जा. शब्दशः. मी भांडी बाजारात असाच गेलो होतो, दुकानातला पोरगा आधी हसला, मग दोन मॉडेलमध्ये बटाटा अडकल्यावर तोच तिसरं काढून घेऊन आला. रुंद नळकांड्याचा अजून एक फायदा सांगतो जो पुस्तकात नसतो: गाजर आडवं ठेवून किसलं की किस लांब लांब पडतो, उभं घातलं की तोकडा. गाजर हलव्याला आडवं, कोशिंबिरीला उभं. हिवाळ्यात लाल गाजरं आली की दोन किलो गाजर किसायला हाताने अर्धा तास आणि बोटाची सालं, मशीनवर पाच-सात मिनिटं, या एका कामासाठी सुद्धा आमच्या घरात त्याला माफी आहे.

कोबीला किसणी वापरू नका, पाणी सुटून लगदा होतो, चकत्यांची पट्टी लावा, आणि कोबीचे नळकांड्यात मावतील असे त्रिकोणी तुकडे करून घाला, भाजीला हवा तसा बारीक कोबी पडतो. भजीच्या कांद्याला पण तीच पट्टी. चिवड्यासाठी सुक्या खोबऱ्याचे काप मात्र मी त्यात करत नाही, वाटी कडक असते, पट्टीला लागून धार जाते. हळकुंड, सुंठ, सुपारी, गुळाची ढेप तशीच्या तशी, हे कुठल्याच पात्याखाली टाकू नका. काकडी कोचवायची असेल तर ती विळीवर किंवा सुरीनेच, खमंग काकडीला मशीनची काकडी चालत नाही, पाणी पाणी होते. आणि मोदकाच्या सारणाचं खोबरं खवणीवरच, मशीनमध्ये आधी करवंटीतून काढा, पाठीची तपकिरी साल तासा, तुकडे करा, एवढं सगळं करून शेवटी दाणेदार चुरा मिळतो, खवलेल्या नारळाचा ओलसर मऊपणा त्यात येत नाही. वाटणाला, उपम्यावर घालायला तो चुरा चालतो.

भांडं कशाचं ते विचारा. पॉलिकार्बोनेटचं भांडं पडलं तरी सहसा फुटत नाही, साधं कडक पारदर्शक प्लास्टिक पडलं की गेलं. प्लास्टिकबद्दल काळजी असेल तर बीपीए (पॉलिकार्बोनेटसारख्या प्लास्टिकमध्ये वापरतात ते रसायन) नसलेलं असं स्पष्ट लिहिलेलं बघा. हळदीचे डाग पडणारच, घासून जीव काढू नका, भांडं धुऊन दोन दिवस उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, आपोआप फिका होतो. आणि दिलेल्या लिटरवर जाऊ नका, मधोमध दांड्याची नळी असते, त्याच्या वर पातळ पदार्थ गेला की खालून मोटरवर उतरतो, म्हणून तीन लिटरच्या भांड्यात पातळ काही असेल तर खुणेपर्यंतच, ती खूण बऱ्याचदा निम्म्यावर असते.

वॅटचा घोळ

600 वॅट, 750 वॅट, 1000 वॅट. वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं, ते किती चांगलं चिरतं हे नाही. पण कणकेसाठी घेताय तर 700-750 च्या खाली जाऊ नका एवढं मी सांगेन. ऑनलाइन बघताना "पीक" वॅट लिहिलेलं असेल तर तो आकडा सोडून द्या, मशीनच्या तळाला धातूची किंवा स्टिकरची पट्टी असते, तिथे लिहिलेला आकडा खरा. त्याच पट्टीवर "30 मिनिटं" असं काहीतरी रेटिंग असतं, त्याचा अर्थ सलग अर्धा तास असा घ्यायचा नाही, बहुतेक मशीनला पाच मिनिटं चालवून दोन मिनिटं विश्रांती अशा फेऱ्या धरलेल्या असतात, पुस्तकात असतं ते, वाचा एकदा. आयएसआय मार्क बघा. आणि बिलाची काळजी करणाऱ्यांसाठी, हजार वॅटचं मशीन रोज दहा मिनिटं चाललं तरी महिन्याला पाच युनिट होतात, बस. प्लगचं पण लोक विचारतात, हजार वॅटला आपल्या 230 व्होल्टवर सव्वाचार-साडेचार अँपिअरच्या आसपास लागतात, साध्या छोट्या सॉकेटला चालतं, फक्त त्याच एक्स्टेंशनवर इंडक्शन शेगडी लावू नका.

पहिल्या दोन-चार वेळा मोटरला वार्निशचा वास येतो आणि खालच्या फटीतून बारीक निळसर ठिणग्या दिसतात, कार्बन ब्रशच्या असतात, घाबरून परत करायला जाऊ नका. वास सतत येत राहिला किंवा धूर दिसला तर मात्र लगेच दुकान गाठा.

परदेशात नेणाऱ्यांसाठी एकच वाक्य, अमेरिकेत 120 व्होल्ट असतात, इथलं मशीन तिथे मरगळल्यासारखं फिरतं आणि तिथलं इथे थेट लावलं तर जळतं, ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर मशीनच्या दीड-दोनपट वॅटचा आणि तो स्वतःच दगडासारखा जड असतो, त्यापेक्षा 110 व्होल्टचं म्हणून विकलं जाणारं भारतीय मिक्सर घ्या. बहिणीने शेवटी तेच केलं, चटणीला ते आणि चिरायला तिथला प्रोसेसर.

जे खरोखर मोडतं ते

आता मुद्द्याचं. माझं पहिलं मशीन माळ्यावर गेलं त्याला उंचीखेरीज अजून एक कारण होतं. ते एका नावाजलेल्या कंपनीचं होतं, मोटर आजही ठणठणीत असेल. मोडलं काय, तर झाकणाची एक बोटभर प्लास्टिकची खिट्टी. या मशीनला सेफ्टी लॉक असतं, भांडं नीट बसलं आणि झाकण पूर्ण फिरवून ती खिट्टी खाचेत गेली तरच चालू होतं, नाहीतर ढिम्म. पोराने झाकण उलट्या बाजूने जोर लावून फिरवलं, खिट्टी तुटली, संपलं. सर्व्हिस सेंटरला गेलो तर नुसतं झाकण मिळणार नाही, भांड्यासकट अख्खा सेट घ्या, आणि तो सेट या मॉडेलचा आता येत नाही. चौदाव्या महिन्यात. मोटरला पाच वर्षांची वॉरंटी होती, अभिमानाने सांगायचे दुकानात, पण मोटर जातेय कुठे, जातं ते झाकण, भांड्याची दांडी, खालचा कपलर (मोटर आणि भांडं जोडणारा छोटा भाग), रबर, आणि हे सगळं वॉरंटीच्या बारीक अक्षरात वगळलेलं असतं.

म्हणून आता मी मशीन बघायच्या आधी सर्व्हिस सेंटरला फोन करतो. तीन प्रश्न विचारा: या मॉडेलचं नुसतं झाकण मिळतं का आणि कितीला, नुसतं भांडं कितीला, कपलर शहरात मिळतो का. उत्तर गुळमुळीत आलं की ते मॉडेल सोडा, कितीही ऑफर असू दे. नवीन निघालेल्या फॅन्सी मॉडेलपेक्षा चार-पाच वर्षं बाजारात असलेलं मॉडेल घ्यायचं ते याच्यासाठी, त्याचे पार्ट गल्लीतल्या मिक्सर रिपेअरवाल्याकडे पण लटकलेले असतात. त्या रिपेअरवाल्याला पण विचारा, कुठल्या मशीनचं सामान तुमच्याकडे रोज लागतं आणि कुठल्याचं मिळतच नाही, तो जे सांगतो ते कुठल्याच जाहिरातीत नसतं.

दुकानात डेमो पीस मागा आणि झाकण पाच वेळा लावून काढा. घट्ट लागतंय, करकर आवाज येतोय, दोन्ही हातांचा जोर लागतोय, तर तुमच्या आईला किंवा सासूबाईंना ते रोज जमणार आहे का? आमच्या आईच्या बोटांना संधिवात आहे, हा प्रश्न मला दुसऱ्या वेळी सुचला. किसणीची पट्टी बसवून हलवून बघा, लडबडत असेल तर वरच्या बाजूला भाजीचे मोठे तुकडे राहतात, थोडा तुकडा सगळ्यातच राहतो, तो खाऊन टाकायचा. खालचे रबरी पाय ओट्याच्या ग्रॅनाइटला घट्ट धरतात का बघा, कणीक मळताना मशीन चालायला लागतं.

आणि धुणं. तुमच्याकडे भांड्यांना मावशी येत असतील तर त्यांना आधी विचारा, मी गंमत करत नाहीये. आमच्या मावशींनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "दादा, ते पातं मी नाही घासणार, बोट कापतं." बरोबर होतं त्यांचं, साबणाच्या पाण्यात बुडालेलं पातं दिसत नाही. आता पातं आणि पट्ट्या मी वापरल्या वापरल्या नळाखाली धरून ब्रशने धुतो, सिंकमध्ये टाकतच नाही. ज्या भांड्यात, ज्या झाकणात बारीक खाचा आणि पोकळ कडा जास्त, तिथे कणीक सुकून बसते आणि मग टूथपिक घेऊन बसावं लागतं, डेमो पीसचं झाकण उलटं करून या खाचा मोजा. कणकेनंतर लगेच धुणं होणार नसेल तर भांड्यात कोमट पाणी आणि साबणाचा थेंब घालून पाच सेकंद फिरवा, निम्मं काम तिथेच होतं.

किंमत म्हणाल तर साधारण सहा ते बारा हजारात बऱ्यापैकी मशीन येतं, त्याच्या वर गेलात तर जास्तीचे पैसे बऱ्याचदा ज्यूसर, दिवे आणि टच बटणांना जातात. मला गोल फिरवायचा साधा नॉब आवडतो, ओल्या हाताने चालतो. मात्र पल्स पाहिजेच, म्हणजे दाबलं की फिरतं, सोडलं की थांबतं. चिरायचं सगळं कौशल्य त्या पल्समध्येच आहे: कांद्याचे चार-चार सारखे तुकडे, भांडं एक तृतीयांशाच्या वर भरायचं नाही, एक-एक सेकंद चार-पाच वेळा, मध्ये एकदा कडेचं खाली ओढायचं. सलग चालवलंत तर खाली कांद्याचं पाणी आणि वर अख्ख्या फोडी. शेंगदाण्याचा कूट पण तसाच, दाणे भाजून पूर्ण गार होऊ द्या, मग पल्स, गरम दाणे किंवा सलग फिरवणं म्हणजे तेल सुटून गोळा, मग तो साबुदाण्याच्या खिचडीत विरघळत नाही, ढेकळं राहतात.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात रोज काहीतरी करा त्यात, कंटाळा आला तरी. बदलून मिळायची मुदत असते ऑनलाइनला आठवडा-दहा दिवसांची, त्याच्या आत कणीक, किस, चकत्या, कूट, वाटण सगळं करून बघा, बॉक्स आणि थर्माकोल तोपर्यंत फेकू नका. माझं दुसरं मशीन मी असंच एकदा बदलून घेतलं, चकत्यांची पट्टी एका बाजूला वाकलेली होती, काकडी एकीकडे जाड एकीकडे पातळ पडत होती, सातव्या दिवशी लक्षात आलं.

आणि तो फ्रिजवरचा कागद सांभाळून ठेवा. सहा महिन्यांनी परत एकदा लावा, आमच्याकडे दुसऱ्या वेळी कांदा पण मशीनवर गेलेला निघाला, पण फक्त रविवारी, पावभाजीच्या दिवशी.